अकरा नंबरच्या केंद्रातलं अळू

मालक बदलला की आमच्या कंपनीत सगळ्यांत आधी चहाचे कप बदलायचे. मग भिंतींचा रंग, मग गळ्यात ओळखपत्र अडकवायची पट्टी, आणि सगळ्यांत शेवटी पगाराच्या कागदावरचं नाव. नोकरीत मी निळे, केशरी आणि जांभळे कप पाहिले. निवृत्त झाले तेव्हा पांढरे, कागदी होते. शेजारच्या टेबलावरचा एकजण म्हणाला, "कपावर छापायला मालक नक्की कोण, तेच ठरत नाहीये अजून." आम्ही हसलो, कारण ते खरं होतं.

माझं काम मोबाइलचं नेटवर्क आखण्याचं. कुठल्या गच्चीवर अँटेना लावायचा, त्याचं तोंड कुठे करायचं आणि त्या भागातले सगळे फोन कुठल्या केंद्राला जोडायचे हे ठरवणं. केंद्र म्हणजे जवळजवळ खिडक्या नसलेली एक इमारत. आत कपाटांसारख्या यंत्रांच्या रांगा आणि सतत चालणारा एसी. तुम्ही मुलुंडहून अंधेरीला फोन लावता तेव्हा तुमचा आवाज टॉवरवरून आधी अशा एका केंद्रात जातो, कोणाचा फोन कोणाला द्यायचा ते तिथे ठरतं, आणि मग तो पुढे जातो. टॉवर बंद पडला तर एक गल्ली गप्प होते. केंद्र बंद पडलं तर अर्धं उपनगर.

माधवचं असं एक केंद्र होतं, नाहूरला. ते आमच्या कंपनीचं नव्हतं; आमच्याशी रोज स्पर्धा करणाऱ्या दुसऱ्या कंपनीचं होतं. माधव माझा नवरा. गेल्या हिवाळ्यात तो गेला. त्या केंद्राबद्दल लिहायचं म्हणून मी बसले आहे आणि सावकाश लिहिते आहे. एक परिच्छेद झाला की उठून गॅलरीत जाते.

आमची कंपनी मोठी कशी झाली ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. पंखे बनवणारं मुंबईतलं एक घराणं आणि युरोपातली एक टेलिफोन कंपनी, अशा दोघांनी मिळून ती काढली. परवाना एका शहराचा. मी आले तेव्हा अंधेरीच्या एमआयडीसीत, पूर्वीच्या औषध कारखान्याच्या एका मजल्यावर आमचं ऑफिस होतं, आणि फायलींना खोकल्याच्या औषधाचा वास यायचा. मग कंपनीनं दुसऱ्या राज्यांतल्या लहान कंपन्या विकत घेतल्या. काही वर्षांनी पंखेवाल्यांनी आपले शेअर त्या युरोपातल्या भागीदाराला विकले आणि ते पुन्हा पंख्यांकडे गेले. पुढे तो भागीदारच त्याच्या देशात एका आणखी मोठ्या कंपनीनं गिळला. त्या कंपनीचा कारभार इतक्या देशांत पसरलेला होता की त्यांच्या नकाशावर मुंबई म्हणजे एक ठिपका. ती बातमी आम्हाला ऑफिसातून कळली नाही. कांदिवलीच्या आमच्या घरी माधव सकाळचा पेपर वाचत होता, तो म्हणाला, "वसू, तुझा मालक बदलला. चहा घे आधी, थंड होतोय."

या मालकीचा अर्थ मला समजावून दिला तो घाटकोपरच्या शाह काकांनी. त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान एका इमारतीच्या तळघरात होतं आणि तिथे रेंज येत नसे. मी स्वतः जाऊन एक लहान यंत्र बसवून आले होते, तेव्हापासून कंपनी म्हणजे मी, असं त्यांनी ठरवून टाकलं. मालक बदलल्याचं वाचून त्यांनी मला बोलावूनच घेतलं.

"बेन, कंपनी विकली. तर माझा नंबर पण विकला काय?"

"नाही काका. नंबर तुमच्याकडेच राहील."

"माझ्याकडे म्हणजे माझा?"

मी खरं ते सांगितलं. नंबर सरकारचा असतो. सरकार कंपनीला देतं आणि कंपनी तुम्हाला वापरायला देते.

"बरं. आणि त्या हवेतल्या लहरी?"

"त्याही सरकारच्या."

"टॉवर?"

"ते मागेच दुसऱ्या एका कंपनीला विकले. आता आम्ही भाड्यानं वापरतो."

"ऑफिसची बिल्डिंग?"

"भाड्याची."

काकांनी एक पातेलं उचललं, त्याच्या बुडाला टिचकी मारली आणि मला ऐकवलं. "हे मी विकतो तेव्हा गिऱ्हाइकाला वाजवून दाखवतो. ह्या गोऱ्या माणसानं घेतलं तरी काय, बेन?"

"तुम्हाला घेतलं, काका. तुमच्यासारख्या गिऱ्हाइकांना."

"मला?" ते गल्ल्यामागून उठलेच. "माझ्या दुकानात येऊन मला विकत घेतलं, आणि मला विचारलं पण नाही?"

मोबाइल कंपनी म्हणजे काय, हे मला त्याहून चांगलं अजून कोणी सांगितलेलं नाही.

आता घराबद्दल. माधव आणि मी कॉलेजात एका वर्गात होतो. लग्नानंतर दोघांना दोन कंपन्यांत नोकऱ्या लागल्या. नातेवाइकांची पंचाईत व्हायची. सासूबाई दोन्ही कंपन्यांची सिमं ठेवायच्या आणि मुलाच्या कंपनीवरून फोन लागला नाही की मला हळूच सांगायच्या, "तुझ्यावरनंच लागला गं. त्याला बोलू नकोस."

दारामागे एक खिळा होता. संध्याकाळी दोघांची ओळखपत्रं त्या एकाच खिळ्याला लागायची, आणि ती लागली की कंपनीबद्दल बोलायचं नाही, अशी आमच्यात पद्धत पडली होती. कोणी ठरवलेली नव्हती. साहेबाची नक्कल चालायची, साहेबाचा बेत नाही. बाहेरच्यांना हे खोटं वाटायचं. "रात्री उशीला उशी लावून झोपता आणि टॉवर कुठे उभा राहतोय ते सांगत नाही? जा ना यार!" असं मला ऑफिसात ऐकावं लागे. पण ज्यांनी एका धंद्यात दोन बाजूंनी संसार केला त्यांना कळेल. एकदा एक गोष्ट सांगितली की दुसरी सांगावी लागते, आणि मग एक दिवस आपण नवऱ्याशी बोलतोय की स्पर्धकाशी, ते कळेनासं होतं.

नाहूरहून एकच गोष्ट घरी यायची. अळूची पानं.

त्याचं असं होतं. अशा केंद्राच्या आवारात अर्थिंगचे खड्डे असतात. यंत्रात बिघाड झाला किंवा वीज पडली तर तो करंट जमिनीत सोडायला तांब्याची पट्टी खोल पुरलेली असते. माती ओली असेल तर करंट झटकन जमिनीत जातो. कोरडी असेल तर यंत्रं जळतात, कधी माणूसही दगावतो. म्हणून त्या खड्ड्यांत नियमानं पाणी घालायचं असतं, आणि जगातले सगळे वॉचमन ते विसरतात. नाहूरची जमीन भरावाची, मुरमाड. पाणी धरून न ठेवणारी. माधवनं सूचना लावल्या, रागावून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. मग त्यानं प्रत्येक खड्ड्याभोवती अळू लावलं, वडीचं, काळ्या देठाचं. खड्ड्याला पाणी न घालणारे वॉचमन अळूला दोन वेळा घालू लागले, कारण पानं घरी नेता येत होती. त्याचा तंत्रज्ञ परब मालवणकडचा. त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "सर, ह्या अळू खाजता काय ओ?" माधव म्हणाला, "ते वडी केल्यावर कळेल. तू पाणी तर घाल." दर आठवड्याला एक जुडी आमच्या घरी यायची, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. मी वड्या करायची. आमच्या दोन कंपन्यांमध्ये झालेली देवाणघेवाण एवढीच.

मग एका नव्या कंपनीनं जवळजवळ फुकट फोन द्यायला सुरुवात केली, आणि तिच्यापुढे टिकायचं तर आमच्या आणि माधवच्या कंपनीनं एकत्र यायचं, असं दोन्हीकडच्या मालकांनी ठरवलं. आमचा मालक परदेशी, त्यांचा देशी. कोणाचे शेअर किती, अध्यक्ष कोणाचा, यावर वरती घासाघीस चालू होती. खाली आम्हाला एवढंच समजत होतं की दोन कंपन्यांची एक झाली की सगळं दुप्पट होणार आणि अर्धं जाणार.

माधव म्हणाला, "चला. आता एकच खिळा पुरेल."

"एकच आहे आपला."

"बघ, आपण किती पुढे होतो."

सरकारी मंजुरी मिळेपर्यंत कायद्यानं दोन्ही कंपन्या स्पर्धकच असतात. एकीनं दुसरीची माहिती बघायची नाही. पण मंजुरी मिळाल्यावर काय ठेवायचं आणि काय बंद करायचं याची तयारी तर आधी करावी लागते. त्यासाठी एक वेगळा गट नेमतात. मोजकी माणसं एका खोलीत बसतात, दोन्हीकडची माहिती बघतात, आणि बाहेर कोणाला, आपल्या साहेबालासुद्धा, काही सांगत नाहीत. त्या गटात मला घेतलं. मी आधीच सांगितलं होतं की माझा नवरा तिकडे आहे. गटावर नजर ठेवायला एक वकील बाई होत्या, कापडिया नावाच्या. वयानं माझ्या मुलीसारख्या. त्या म्हणाल्या, "चालेल मॅडम. सगळी नावं झाकलेली असतात. कुठलं केंद्र कोणाचं ते तुम्हाला कळणारच नाही. कळलं तर मात्र त्या मिनिटाला मला सांगायचं."

खोली अंधेरीत, मेट्रोच्या रुळांना लागून असलेल्या इमारतीत होती. काचांवर तपकिरी कागद चिकटवलेला. दारातच आमचे मोबाइल काढून घेत आणि लहान खणांत बंद करत. आयुष्यभर लोकांच्या हातात फोन देणारी माणसं बिनफोनची आत बसत, आणि पहिल्या दिवशी सगळ्यांचे हात सारखे खिशांकडे जात होते.

मी त्या गटात आहे हे माधवला माहीत होतं. मी काय करते ते त्यानं विचारलं नाही. खिळ्याची पद्धत चालू होती. पण त्याच सुमारास त्याच्यापुढे एक प्रश्न आला आणि तो कंपनीचा नसून घराचा होता, म्हणून तो बोलला. मुलुंडला एका बँकेचं संगणक केंद्र उभं राहत होतं. ते सांभाळायला त्यांना माणूस हवा होता आणि त्यांनी माधवला विचारलं होतं. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं.

"काय करू गं?" त्यानं विचारलं. "आमचं नाहूर राहिलं तर मला हलायचं नाहीये. नाही राहिलं तर या वयात मला दुसरं कोण घेणार?"

मी म्हटलं, "तुला काय वाटतं?"

"राहील असं वाटतं. उत्तम चाललंय आमचं."

तेव्हा मला खरंच काही माहीत नव्हतं. ते बोलणं रविवारचं.

मंगळवारी सकाळी गटापुढे उपनगरातल्या केंद्रांचे कागद आले. दोन केंद्रं एकमेकांच्या जवळ होती आणि त्यांतलं एकच ठेवायचं होतं. त्यांना सात नंबर आणि अकरा नंबर म्हटलेलं. मेहरा नावाचे सल्लागार गुण मांडत होते. सात नंबरची जागा स्वतःची, अकरा नंबरची भाड्याची आणि करार संपत आलेला. सातचे गुण थोडे जास्त होते, पण फरक फार नव्हता. देखभालीचे गुण राहिले होते. मेहरांनी अकरा नंबरच्या पाहणीचा अहवाल वाचायला घेतला.

"अर्थिंग पिट्स के आसपास पौधे उगे हैं," ते म्हणाले. "बड़े पत्तेवाले. ऑडिटर ने लिखा है, हटाए जाएँ. मेंटेनन्स पुअर."

मुंबईभर केंद्रं असतील, पण अर्थिंगच्या खड्ड्याभोवती मोठ्या पानांची झाडं मुद्दाम लावणारा एकच माणूस मला माहीत होता. त्याच्या खड्ड्याची पानं माझ्या फ्रिजमध्ये होती.

मी कागद ओढून घेतला. खाली जमिनीचा विद्युत रोध दिला होता. तो जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं, आणि त्या सगळ्या केंद्रांत अकरा नंबरचा सगळ्यांत कमी होता. ज्यासाठी गुण कापले जात होते त्यामुळेच तो आकडा आला होता. हे सांगायला मला माधवचं नाव घ्यायची गरज नव्हती. मी त्या खोलीत अर्थिंग समजणारी एकटीच होते. 'झाडांमुळे माती ओली राहते, आकडा बघा,' एवढं म्हटलं असतं तरी मेहरांनी गुण बदलले असते. कदाचित अकरा नंबर वाचलं असतं. माझं म्हणणं खरंही होतं.

आणि ते म्हणायचा मला हक्क नव्हता. नंबरामागचं केंद्र ओळखल्यावर मी काहीही बोलले तरी ते माधवसाठी बोलणं झालं असतं. गप्प बसले असते तर माझ्या डोळ्यांदेखत, त्याच्या सगळ्यांत हुशार कल्पनेबद्दल त्याचे गुण कापले गेले असते आणि त्यावर माझी सही झाली असती. मेहरांनी पेन उचललं. "तो पुअर लिखूँ, मॅडम?"

"थांबा," मी म्हटलं. "मला कापडिया मॅडमशी बोलायचंय."

त्यांनी मला बाहेरच्या लहान खोलीत नेलं.

"अकरा नंबर मी ओळखलं," मी म्हटलं.

"कसं? नाव झाकलंय. पत्ता झाकलाय."

"अळूमुळे."

"काय?"

"अळू. पानं. वडी करतात ती."

त्या बाटलीतलं पाणी प्यायल्या. "मॅडम, मी नावं झाकली, फोटो झाकले, भाषा बदलली. ह्याचा विचार नाही केला." त्या हसल्या नाहीत. मीही नाही. "तुम्ही आत्ता घरी जायचं. ऑफिसात टेबलावर पण नाही. हे सगळं पूर्ण होईपर्यंत नेटवर्कचं काम बंद. आणि कोणाशीच बोलायचं नाही. मिस्टरांशी तर नाहीच. यातलं काही बाहेर गेलं असं नुसतं वाटलं तरी चौकशी तुमच्यावर येईल. नोकरी जाईल, कोर्टही होऊ शकतं."

"तुम्ही त्यांना अर्थिंगचा आकडा बघायला सांगाल का?" मी विचारलं.

"ते मी ऐकलेलंच नाही," त्या म्हणाल्या. बरोबर होतं त्यांचं.

भर दुपारी मी घरी आले. ओळखपत्र खिळ्याला लावलं आणि स्वयंपाकघरात उभी राहिले. काय करायचं ते सुचेना, म्हणून डबे पुसले. माझ्या मागे त्या खोलीत पेन खाली टेकलं असणार हे मला माहीत होतं. शुक्रवारी माधवनं बँकेला नाही म्हटलं तर तो रिकामा होणार, हेही मला माहीत होतं. आणि मी एक वाक्य बोलले तर तो वाचणार होता.

तो संध्याकाळी आला. दारातच थबकला, कारण खिळ्यावर माझं ओळखपत्र आधीच होतं.

"आज लवकर?"

"हो."

"उद्या?"

"घरीच आहे. काही दिवस."

त्यानं 'का' विचारलं नाही. नेहमीसारखी पिशवीतून वर्तमानपत्राची गुंडाळी काढली आणि माझ्यापुढे धरली. "परबनं आज मोठी पानं काढलीत बघ."

माझे हात पुढे झाले नाहीत. मी त्या गुंडाळीकडे बघत राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही, फार नसेल. मग त्यानं ती स्वतःच ओट्यावर ठेवली आणि हात धुवायला गेला. त्या आठवड्यात वड्या झाल्या नाहीत. पानं पिवळी पडली आणि शुक्रवारी सकाळी मी ती टाकून दिली.

ते मधले दिवस मी कसे काढले ते लिहिण्यासारखं नाही. आम्ही एकमेकांशी फार नीट बोलत होतो, पाहुण्यांसारखे. तो बँकेचं नाव काढी आणि मी बाहेरगावी शिकणाऱ्या आमच्या मुलीच्या परीक्षेचं काढी. एकदा रात्रीच्या जेवणात तो म्हणाला, "तुझं मत काय आहे?" मी म्हटलं, "तुझं तू ठरव ना रे." असं मी त्याला आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. आमच्याकडे पडद्याचा रंगसुद्धा दोघांनी ठरवायचा. वाटलं, एवढ्यावरून तरी याला कळेल, हा हो म्हणेल.

शुक्रवारी तो गॅलरीत जाऊन बँकेशी फोनवर बोलला. दार उघडं होतं. मी कणीक मळता मळता ऐकत होते.

"मनापासून आभार तुमचे... नाही, मला नाही जमणार... हो, विचार करूनच."

तो आत आला. माझे हात कणकेत.

"नाही म्हणालास?"

"हो."

"का?"

"एवढी वर्षं तिथे काढली. आता बँकेत जाऊन नवीन साहेबांची नावं कुठे पाठ करत बसू?"

"नीट विचार केलास का, माधव?" याच्यापलीकडे एकही शब्द मला बोलता येत नव्हता.

"केला."

"तू त्या कंपनीचा जावई लागून गेलास का रे?" माझा आवाज चढला. "उद्या त्यांनी घरी बसवलं तर?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. "तुझी नोकरी राहील ना पण?" त्यानं विचारलं.

"माझं काय मध्येच?"

"सहज विचारलं."

मी कणीक आपटली. मला वाटलं, हा विषय बदलतोय.

पुढे कागदोपत्री सगळं पार पडलं, दोन कंपन्यांची एक झाली, जांभळे कप आले. नाहूरचं केंद्र बंद करायचं ठरलं. तिथले सगळे फोन सात नंबरच्या केंद्रावर हलवायचं काम माधवनंच केलं, आणि एकाही ग्राहकाचा फोन तुटला नाही. आपली यंत्रं बंद करण्याचं काम त्यानं इतकं नीट केलं की वरून शाबासकीचं पत्र आलं, आणि पाठोपाठ त्याची जागा रद्द झाल्याचं. एकरकमी पैसे मिळाले. तो मुलुंडला एका तंत्रनिकेतनात तासावर शिकवायला जाऊ लागला. बाकी वेळ वाचायचा. रडगाणं त्यानं कधी गायलं नाही. खिळ्यावर आता माझं एकटीचं ओळखपत्र असायचं. संध्याकाळी मी आले की त्या खिळ्याकडे पाहून मला त्याचा राग यायचा. हुशार माणूस, आणि आपल्या माणसाचा चेहरा याला वाचता येत नाही, असं वाटायचं. मंजुरी मिळाल्यावर माझ्या तोंडावरचं कुलूप निघालं होतं. मी बोलू शकले असते. पण मग हेही सांगावं लागलं असतं की अळूच्या बाजूनं एक शब्द बोलायची वेळ आली तेव्हा मी उठून गेले. मी बोलले नाही. त्यानंही विचारलं नाही. आमची पद्धत आमच्याहून मोठी होऊन बसली होती.

तो गेल्यावर, दिवसकार्य झाल्यानंतर, परब भेटायला आला. केस पिकलेले. मुलुंडच्या त्या बँकेच्या केंद्राचा सगळा भार आता त्याच्यावर आहे. ते मला माहीत होतं, पण तो तिथे कसा गेला ते माहीत नव्हतं.

"सरांनीच धाडलानी," परब म्हणाला. "बँकेन त्यांका बोलावलेला. सर म्हणाले, मी नाय येत, पण माझो एक माणूस घ्या. मी म्हटलंय, सर, तुम्ही जावा, मी कित्याक? ऐकूकच तयार नाय."

"त्यांना वाटत होतं नाहूर राहील," मी म्हटलं.

परबनं पाण्याचा पेला दोन्ही हातांत फिरवला. मग तो शुद्ध बोलायला लागला, साहेबांशी बोलायचा तसं.

"नाही वहिनी. बंद होणार हे त्यांना माहीत होतं. मला म्हणाले, परब, तू नीघ, इथे काही राहत नाही. मी विचारलं, कोणी सांगितलं तुम्हाला? म्हणाले, कोणी नाही. घरी पानं नेली, तर तिनं हातात घेतली नाहीत."

खालून भंगारवाल्याची हाक येत होती. परबनं पेला खाली ठेवला.

"मी म्हटलं, मग तर तुम्हीच आधी जायला पाहिजे. तर म्हणाले, वेडा आहेस. ती त्या खोलीत बसते हे दोन्ही कंपन्यांना माहीत आहे. ती घरी येते आणि त्याच आठवड्यात मी राजीनामा देतो. लोक काय म्हणतील? बायकोनं सांगितलं. मग तिची नोकरी राहील का? तू गेलास तर कोणाचं लक्ष जाणार नाही. मी गेलो तर बोट थेट तिच्याकडे."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी इचारलंय," परब पुन्हा आपल्या बोलीत आला, "सर, खरा सांगा. वहिनींनी सांगला ना तुमका? तर म्हणाले, एक शब्द नाही. म्हणून तर."

कोणाला सांगायचं नाही असं सरांनी बजावलं होतं, आता कोणाला कसली भीती, असं काहीतरी तो पुटपुटला. मला शाह काकांचं पातेलं आठवलं, बुडावर टिचकी मारून कानाशी धरलेलं. का आठवलं ते सांगता येणार नाही.

निघताना परबनं पायाशी ठेवलेली पिशवी उचलली. नाहूर बंद झालं तेव्हा त्यानं तिथले कंद उपटून नेले होते आणि बँकेच्या अर्थिंगच्या खड्ड्यांभोवती लावले होते. तिथलेही तपासनीस दरवर्षी काढून टाका म्हणतात. तो दरवर्षी हो म्हणतो.

त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुडी माझ्यापुढे धरली. कागद ओला झाला होता, काळे देठ बाहेर आले होते.

मी दोन्ही हात पुढे केले आणि पानं घेतली.